मेलेल्या बाईचं मत

"मला अटक होणार आहे," पोस्टमास्तर बाई दारातूनच म्हणाल्या. "आज नाही. पण होणार."

बेलीफबाईंनी समोरच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली आणि त्यांना बसायला सांगितलं.

बेलीफबाईंच्या उमेदीची सगळी वर्षं कोर्टाचे समन्स घेऊन लोकांच्या दारात उभं राहण्यात गेली होती. दार उघडणाऱ्याचा चेहरा खोटं बोलण्याआधी कसा दिसतो, हे त्यांना तिथेच कळलं. पुढे नोकरी सोडून त्यांनी खासगी तपासाची पाटी लावली. मदतीला त्यांचे दीर होते, भाऊजी. ते निवृत्त भूमापक. भावाच्या मागे वहिनीला सोबत म्हणून राहायला आले. कोण कोणाला सोबत करतंय, हा प्रश्न दोघांनीही कधी काढला नव्हता.

"पेपरात वाचलं असेल तुम्ही," पोस्टमास्तर बाई म्हणाल्या.

वाचलं होतंच. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल इतक्या थोड्या मतांनी लागला होता की हरलेल्या उमेदवाराने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. त्याच्या अर्जात बऱ्याच केंद्रांवर आक्षेप होते, पण लोकांच्या तोंडी एकच बसला होता: खाडीकाठच्या एका गावात पाच वर्षांपूर्वी बुडालेली बाई येऊन मत देऊन गेली. तो आक्षेप टिकला तर त्या केंद्राची सगळी पेटी बाद होणार होती, आणि तशा आणखी थोड्या पेट्या बाद झाल्या तर देशाचा राष्ट्राध्यक्ष बदलणार होता.

"त्या केंद्राची केंद्राध्यक्ष मी होते," पोस्टमास्तर बाई म्हणाल्या. "ते म्हणतात, मी पैसे खाऊन तोतया बाईला आत सोडलं. वर्षापूर्वी बदली होऊन त्या गावात आले. मला तिथे पार्सल घ्यायला येणाऱ्यांखेरीज कोणी ओळखत नाही. मला कोण पैसे देणार?"

"ती बाई आठवते?"

"दुपारची आली. केंद्रावर सामसूम होती. कारकुनानं तिचं नाव मोठ्यानं वाचलं, पद्धतच आहे तशी. पण ती तिथेच उभी राहिली. मी म्हटलं, पुढे या. तर म्हणाली, 'पुन्हा एकदा वाचा ना, नीट ऐकू आलं नाही.' त्यानं पुन्हा वाचलं."

"बहिरी असेल," भाऊजी म्हणाले.

"मी हळू बोलले ते तिला ऐकू आलं होतं."

"ओळखपत्र?" बेलीफबाईंनी विचारलं.

"होतं. जुनं, कोपरा उडालेलं. फोटोशी चेहरा जुळत होता, फक्त थकलेला. घर क्रमांक विचारला तर तिनं एक सांगितला, यादीत दुसराच. कारकून म्हणाला, बाई, तुमच्या आळीचे क्रमांक बदललेत. ती म्हणाली, असेल. कार्डावर जुनाच होता, म्हणून मी हरकत घेतली नाही."

"उमेदवारांचे प्रतिनिधी?"

"जिंकलेल्यांचा प्रतिनिधी एक कंत्राटदार, तो जेवायला गेला होता. तो गावचा. हरलेल्यांचा प्रतिनिधी बाहेरगावचा, तो काही बोलला नाही. माझे कारकूनही बाहेरचेच. आणि वर शाईचंही काढलंय त्यांनी. शाई डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला लावायची असते, तिथे लावता येत नसेल तर शेजारच्या. माझ्या कारकुनानं तिच्या मधल्या बोटाला लावली. तो म्हणतो, कारण असल्याशिवाय लावली नसणार, पण कारण आठवत नाही. सगळं अंगावर आलंय माझ्या."

"बोटं तुम्ही पाहिलीत?"

"आधीची शाई आहे का, तेवढंच बघायचं असतं. नव्हती. हात कोरडे, खरखरीत. सारखे गरम पाण्यात असल्यासारखे."

त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "घरी गेल्यावर सांगायला कोणी नसतं हो. म्हणून इथे जरा जास्तच बोलले."

"बोललात ते बरं झालं," बेलीफबाई म्हणाल्या.

*

गावात आधी भेटला कंत्राटदार. त्याच्या ऑफिसात जिंकलेल्या उमेदवाराचा फोटो एवढा मोठा होता की खाली बसलेला तो स्वतः पाहुण्यासारखा वाटत होता.

"फायदा माझ्या पक्षाचा, म्हणून चोर मी," तो म्हणाला. "ठीक आहे. पण मला तोतया मतदार उभा करायचाच असता, तर बाई, गावात मेलेल्यांची काय वानवा आहे? कुठल्यातरी परगावी मेलेल्या म्हाताऱ्याचं नाव घेतलं असतं. लाँच बुडाली तेव्हा अख्खं गाव काठावर उभं होतं. शिंप्याची बायको वारली हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिचंच नाव मी घेईन?"

"जेवायला त्याच वेळी गेलात."

"रोज त्याच वेळी जातो. दुपारी मी कुठे असतो हे गावातल्या कोणालाही विचारा."

"तोतयाला नाव, क्रमांक कुठून मिळतो?"

"यादीवरून चिठ्ठी करून देतात. तेवढं पाठ करायचं." मग तो सावरून बसला. "असं ऐकलंय."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "माणूस बनेल आहे. पण मुद्दा बरोबर बोलला."

"दोन मुद्दे बोलला," बेलीफबाई म्हणाल्या.

*

शिंप्याचं दुकान म्हणजे त्याच्या घराचाच पुढचा भाग. दारावरच्या पाटीवर नवा क्रमांक रंगवलेला होता, खालचा जुना अजून पुसट दिसत होता.

"दोन वर्षांपूर्वी बदलले," शिंपी म्हणाला. "मीच रंगवली पाटी. कामाला काही नव्हतं त्या दिवशी."

उंच, वाकलेला माणूस. आत दोन शिलाई मशिनं होती. एकावर तो काम करत होता, दुसऱ्यावर कापड घातलेलं.

"तिचं?"

"हं." त्याने त्यावरचं कापड नीट केलं. "माझ्यापेक्षा तिची टीप सरळ यायची. सुरुवातीला एकदा सुई आरपार गेली बोटातून. डाव्या हाताच्या, या पहिल्या. नख गेलं ते परत आलंच नाही. तरी दुसऱ्या दिवशी मशिनवर बसली. मी म्हणायला हवं होतं, बसू नको."

"लाँचवर कशासाठी गेल्या होत्या?"

"पलीकडच्या दुकानाला शिवलेले कपडे पोचवायला. हमालानं बोचकं आधी चढवलं. तिकीटवाल्याला आठवत होतं की तिनं तिकीट काढलं. पुढे खाडीत..." त्याने कात्री उचलून पुन्हा खाली ठेवली. "बोचकं सापडलं. ती नाही. आणखीही काही माणसं सापडली नाहीत. मग कोर्टानं मयत ठरवलं."

"मतदार ओळखपत्र कुठे असायचं त्यांचं?"

"पर्समध्ये. पर्स कायम खांद्याला. तिच्याबरोबरच गेली."

"यादीतून नाव काढायला अर्ज नाही केलात?"

"नाही." तो मशिनकडे पाहत म्हणाला, "घरावर दोन नावं असायची यादीत. एकच कशाला ठेवायचं."

"भांडणतंटा होता काही?"

"आमच्यात? कधीच नाही. आम्ही फारसं बोलायचोच नाही. मूल गेलं आमचं, पाळण्यातलं. त्यानंतर... काय बोलणार? गिऱ्हाइकांशी बोलणं व्हायचं."

भाऊजी गाडीत बसले. मग म्हणाले, "पाच वर्षं एकटा बसलाय त्या मशिनसमोर."

"बायकोही एकटीच बसली होती," बेलीफबाई म्हणाल्या. "तो समोर असताना."

*

बुडालेल्या बाईची धाकटी बहीण बाजारात चष्म्याचं दुकान चालवत होती. मोठीसारखीच दिसते, असं गाव म्हणत होतं. हरलेल्या उमेदवाराच्या वकिलाचा संशयही तिच्यावरच होता. सकाळी तिने स्वतःचं मत दिलं, शाई घासून काढली आणि दुपारी बहिणीच्या नावावर परत आली, असं त्याचं म्हणणं.

धाकटी एका फ्रेमचा स्क्रू बसवत होती. हात स्थिर, नखं नीट कापलेली.

"सकाळी मत दिलंत?"

"सगळ्यांसारखं दिलं. शाई महिनाभर बोटावर होती. दुकानात येणाऱ्यांनी पाहिली."

"मग वकिलाला तसं सांगत का नाही?"

"त्यानं सिद्ध करावं."

"तुरुंगात जाल."

"जाईन."

भाऊजींना राहवलं नाही. "अहो, गेलेल्या बहिणीच्या नावाचा कोणी बाजार मांडला, तुम्हाला राग नाही येत?"

"मला पेपरवाल्यांचा राग येतो," ती म्हणाली. "ताईनं आयुष्यात कोणाचं वाकडं केलं नाही. तिला गर्दीसुद्धा सहन होत नाही, आणि तिचं नाव पोस्टरवर."

तिने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. काउंटरवर बाईचा एक चष्मा तयार होऊन पडला होता, साध्या काळ्या फ्रेमचा. तो तिने उचलून खणात टाकला.

निघताना बेलीफबाई भाऊजींना पुढे जा म्हणाल्या आणि दारात धाकटीशी दोन वाक्यं बोलल्या. भाऊजींना काही ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं, की धाकटीने काउंटरची कड घट्ट धरली.

"काय म्हणालात तिला?" त्यांनी गाडीत विचारलं.

"एक निरोप द्यायला सांगितला. उत्तर आलं तर पुढे बोलू. नाही आलं तर ही केस मी सोडली."

भाऊजींनी गाडी सुरू केली. "मला ती मत देणारी बाई धाकटीच वाटते. हट्ट बघा तिचा."

"हट्ट खरा आहे," बेलीफबाई म्हणाल्या. "पण स्वतःसाठी नाही."

त्या रविवारी दोघं घरीच होते. भाऊजी बातम्या ऐकत बसले. बेलीफबाई फोनजवळची खुर्ची सोडून उठल्या नाहीत. फोन संध्याकाळी आला. त्यांनी फक्त ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

*

बैठक हरलेल्या उमेदवाराच्या वकिलाच्या ऑफिसात झाली. वकील नीटस, थकलेला माणूस होता. समोर पोस्टमास्तर बाई, शिंपी, धाकटी. भाऊजी खिडकीशी.

"तुम्ही तोतयाचं नाव सांगणार असं कळलं," वकील म्हणाला.

"तोतया नव्हताच कोणी," बेलीफबाई म्हणाल्या.

पोस्टमास्तर बाईंनी मान वर केली.

"पहिली गोष्ट, घर क्रमांक. तोतया यादीवरून पढवलेला असतो. यादीत नवा क्रमांक होता. या बाईनं जुना सांगितला. म्हणजे तिला यादी माहीत नव्हती, घर माहीत होतं. तेही दोन वर्षांपूर्वीपर्यंतचं. दारावरची नवी पाटी तिनं पाहिलेली नव्हती."

"गावातल्या कोणालाही जुना क्रमांक माहीत असेल," वकील म्हणाला.

"असेल. पण गावातल्यांना नवाही माहीत आहे. आता कार्ड. कार्डावरही जुनाच क्रमांक होता. आज कोणी खोटं कार्ड बनवलं तर यादीशी जुळणारं बनवेल. जुळत नाही असं खोटं कार्ड बनवण्यात अर्थ काय? म्हणजे कार्ड खरं होतं. आणि खरं कार्ड शिंपीदादा म्हणतात त्याप्रमाणे पर्समध्ये होतं, पर्स खांद्याला होती."

शिंपी म्हणाला, "पर्स खाडीत गेली."

"असं आपण धरून चाललो. सापडलं ते बोचकं. ते हमालानं आधीच चढवलं होतं. तिकीट काढताना त्यांना पाहिलं. चढताना पाहिलं असं कोणी सांगितलं का?"

शिंप्याने नकारार्थी मान हलवली.

"पर्स चोरीला गेली असेल," वकील म्हणाला. "चोरानं कार्ड वापरलं."

"मीही तिथे अडले. मग शाई. कारकुनानं पहिलं बोट सोडून मधल्याला लावली. पहिल्या बोटाला लावता येत नसेल तरच तसं करतात. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला नख नाही अशी बाई, त्या बाईचं कार्ड घेऊन, तिच्या चेहऱ्याची, तिचं जुनं घर सांगणारी. असा चोर शोधून सापडणार नाही, वकीलसाहेब."

वकिलाने काहीतरी लिहून घेतलं.

"यांच्यावर तुमचा संशय," बेलीफबाईंनी धाकटीकडे पाहिलं. "यांचं पहिलं बोट पाहा. नख शाबूत आहे, कारकुनाला मधल्या बोटाकडे जायचं काही कारण नव्हतं. आणि कंत्राटदारानं बाई पाठवली असती तर सगळ्या गावानं जिचं दुःख केलं तिचं नाव घेऊन नाही. तो जेवायला जातो ती वेळ मात्र तिला माहीत होती. गावातलं ओळखीचं माणूस केंद्रावर नको, एवढंच तिला हवं होतं."

"मग कोण?" शिंप्याने विचारलं. त्याचा आवाज अगदी साधा होता. त्याला कळलं होतं, तरी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

"तुमची बायको."

वकिलाने पेन ठेवलं. शिंपी हातांकडे पाहत राहिला.

"तुमच्या मेव्हणीच्या बोलण्यावरून खात्री झाली," बेलीफबाई म्हणाल्या. "तुम्ही बायकोबद्दल बोलताना 'यायची', 'बसली' म्हणालात. या म्हणाल्या, 'तिला गर्दीसुद्धा सहन होत नाही.' 'होत नव्हती' असं म्हणाल्या नाहीत. होत नाही. बहीण कुठेतरी आहे आणि यांच्या संपर्कात आहे, हे तेव्हा कळलं. मी एवढंच म्हटलं, की तिला विचारा, सांगू का. सांगू नको म्हणाली असती तर मी आज इथे आले नसते."

धाकटी पहिल्यांदा बोलली. "मलाही वर्षभरानं कळलं, दाजी. फोन आला. मी किंचाळले असते, पण दुकानात गिऱ्हाईक होतं."

"लाँच?" शिंपी म्हणाला.

"तिकीट काढलं आणि धक्क्यावर बसून राहिली. चढावंसं वाटलं नाही, परतावंसंही वाटलं नाही. लाँच गेली. मागून गाडी आली, त्या गाडीत बसली. बुडाल्याची बातमी तिला दुसऱ्या गावात कळली. म्हणाली, आता मला कोणी शोधणार नाही. एका हॉटेलात कपडे धुते, इस्त्री करते. तिथे तिला दुसऱ्याच नावानं हाक मारतात."

"मग मत द्यायला का आली?" भाऊजींनी विचारलं.

धाकटीने पोस्टमास्तर बाईंकडे पाहिलं.

"मी बोलून गेले की यादीत तुझं नाव अजून आहे. तिला खरं वाटेना. म्हणाली, अजून आहे? कोण जिंकणार, कोण हरणार, याच्याशी तिचं देणंघेणं नव्हतं. तिला तिचं नाव कोणीतरी मोठ्यानं वाचलेलं ऐकायचं होतं. एवढ्यासाठी आली."

पोस्टमास्तर बाईंनी डोळे पुसले, मग पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिल्या.

"कोर्टात यावं लागेल त्यांना," वकील हळूच म्हणाला. आपल्याच बाजूचा आक्षेप समोर कोसळलेला असूनही तो चिडला नव्हता. "नाहीतर या बाईंची सुटका नाही."

"येणार आहे," धाकटी म्हणाली. "माझ्यासाठी येऊ नको म्हणून मी तिला पुष्कळ सांगितलं. तिनं ऐकलं नाही. म्हणाली, ज्या बाईनं मला 'पुढे या' म्हटलं तिला तुरुंगात पाठवून मी इस्त्री करत बसू?"

*

सुनावणीला गर्दी होती. शिंप्याची बायको बहिणीचा हात धरून आली, साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली, डावा हात पुढे केला. विचारलं तेवढंच सांगितलं. न्यायमूर्तींनी निकाल दिला, की यादीत जिचं नाव, तिनेच मत दिलं. केंद्राची पेटी ग्राह्य आहे, केंद्राध्यक्षांवर ठपका नाही. मूळ अर्ज पुढे इतर मुद्द्यांवर चालू राहिला. वार्ताहर सगळे बाहेर पळाले. बातमी मिळाली होती.

मयत ठरवल्याचा हुकूम रद्द करायला नवऱ्याची सही लागत होती. ती झाली. मग बाहेरच्या लांबलचक ओसरीत, बाकाच्या एका टोकाला शिंपी बसला, दुसऱ्या टोकाला त्याची बायको. पलीकडच्या बाकावर बेलीफबाई भाऊजींची वाट पाहत होत्या. त्यांना उठून जायचं होतं, पण उठलं तर त्या दोघांना अवघडल्यासारखं होईल, म्हणून त्या बसून राहिल्या.

"बरी आहेस ना?" शिंप्याने विचारलं.

"बरी आहे. तुम्ही?"

"आहे." ओसरीतून एक शिपाई फायलींचा गठ्ठा घेऊन गेला. "रागावलो नाही मी. तुला वाटत असेल तर."

"रागावला असतात तरी चाललं असतं."

त्याने मान हलवली. "मला बोलता आलं नाही कधी. बाळ गेल्यावर मी एक शब्द बोललो नाही तुझ्याशी त्याबद्दल. रोज वाटायचं, आज बोलू."

ती ऐकत होती. तिच्या डोळ्यांवर काळ्या फ्रेमचा चष्मा होता, तो तिने काढला आणि मांडीवर धरला.

धाकटी जिन्याशी येऊन उभी राहिली. गाडीची वेळ झाली होती. बाई उठली.

"परत येतेस का म्हणून मी विचारणार नाही," शिंपी म्हणाला. "तो हक्क मला नाही."

तिने पर्स खांद्याला लावली.

"विचारलं असतंत तर बरं वाटलं असतं," ती म्हणाली. "आले नसते. पण बरं वाटलं असतं."

आणि ती बहिणीबरोबर जिना उतरून गेली.